‘डेड ऑन इट’: रॅपला शिव्या देणारं रॅप

मिनियापोलिसचा अमेरिकी गायक-वादक प्रिन्स याच्या ‘द ब्लॅक अल्बम’वरचं तिसरं गाणं ‘डेड ऑन इट’. साधारण साडेचार मिनिटांचं फंक, म्हणजे बेस आणि ठेक्यावर उभं राहणारं कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यसंगीत. गाडीतून हायवेवर निघालेला माणूस गाणी ऐकायला रेडिओ लावतो, त्याला गाण्याऐवजी कुणा रॅपरची बाष्कळ बडबड ऐकू येते आणि मग हा माणूस ‘रॅपर’ या जमातीचीच खिल्ली उडवतो. हे लोक बेसूर आहेत, यांना गायला लावा, सभागृह रिकामं होईल, असा एकूण सूर. रॅपने पुढच्या चाळीस वर्षांत काय केलं ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे या गाण्याचा निकाल लावायला वेळ लागत नाही. समीक्षक ते प्रिन्सच्या फसलेल्या अंदाजांत टाकून मोकळे होतात. चाहते ‘अहो, गंमत होती ती’ म्हणून वेळ मारून नेतात.

मला दोन्ही निकाल आळशी वाटतात. ‘डेड ऑन इट’ ही रॅपबद्दल बाहेरून केलेली तक्रार नाहीच. ते रॅपच्याच रीतीने बांधलेलं डिस गाणं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची खिल्ली उडवणारं गाणं आहे, आणि डिस गाण्याला जे प्रश्न विचारतात तेच त्याला विचारायला हवेत: घाव कुठे बसला, कुठे हुकला, आणि समोरच्याला जवाब द्यायची संधी मिळाली का? हे प्रश्न विचारले की गाणं लाजिरवाणं राहत नाही. निर्दोष मात्र ते तरीही ठरत नाही.

आधी ते इतकं दुर्लक्षित का राहिलं ते पाहू. ‘द ब्लॅक अल्बम’ ८ डिसेंबर १९८७ ला येणार होता. पूर्ण काळं वेष्टन, त्यावर ना नाव ना चित्र. तारीख जेमतेम आठवड्यावर आली असताना प्रिन्सने तो मागे घेतला. या अल्बममध्ये काहीतरी दुष्ट आहे असं त्याच्या मनाने घेतलं होतं. छापून तयार असलेल्या सुमारे पाच लाख प्रती नष्ट करायला लावल्या. १९८८ च्या ‘अल्फाबेट स्ट्रीट’च्या व्हिडिओत तर ‘ब्लॅक अल्बम विकत घेऊ नका’ अशी ओळ क्षणभर चमकवली आहे. साहजिकच तो अल्बम जगातल्या सर्वाधिक चोरून विकल्या गेलेल्या रेकॉर्डपैकी एक झाला. अधिकृतपणे तो नोव्हेंबर १९९४ मध्ये आला, तोही जेमतेम दोन महिन्यांसाठी. म्हणजे १९८६-८७ च्या वादात उतरायला लिहिलेलं गाणं सात वर्षं उशिरा, वाद निकालात निघाल्यावर मैदानात आलं. तोवर चोरटी टेप हाती लागलेल्यांखेरीज कुणी ते ऐकलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांचा जीव त्या अल्बमच्या दंतकथेत अडकला होता. तिसऱ्या क्रमांकाच्या गाण्याकडे कोण बघतो!

१९८६ हे वर्ष रॅपसाठी साधं नव्हतं. मे महिन्यात रन-डीएमसी या रॅप गटाचा ‘रेझिंग हेल’ आला आणि एरोस्मिथ या रॉक बँडसोबतचं त्यांचं ‘वॉक धिस वे’ अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या स्थानापर्यंत गेलं. नोव्हेंबरमध्ये बीस्टी बॉइजचा ‘लायसन्स्ड टू इल’ निघाला आणि पुढच्या मार्चमध्ये बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला आला. त्या जागी पोचलेला तो पहिला रॅप अल्बम. दुसऱ्या बाजूला प्रिन्सवर कृष्णवर्णीय श्रोत्यांकडून एक आरोप होत होता. ‘अराउंड द वर्ल्ड इन अ डे’ आणि ‘परेड’ या दोन अल्बमांत तो फंक सोडून गोऱ्यांच्या सायकेडेलिक बागेत रमला, असा तो आरोप. ‘द ब्लॅक अल्बम’ हे त्याचं उत्तर होतं. आता, आपण घरी परत आलो आहोत हे सांगायला निघालेल्या माणसाला दिसलं की घरात दुसरंच कुणीतरी, म्हणजे रॅप, बसलंय, आणि आपल्याच श्रोत्यांनी त्याला खुर्ची दिली आहे. ‘डेड ऑन इट’मधला कडवटपणा तिथला आहे. त्याला सौंदर्यशास्त्र म्हणणं म्हणजे प्रिन्सला फुकट मोठेपणा देणं.

गाण्यातली जी ओळ चाहते हसण्यावारी नेतात तीच माझ्या मते किल्ली आहे. ब्रुकलिनचे लोक बेस बरा वाजवतात, पण मिनियापोलिसवाले तो वाजवायला हवा तसा वाजवतात, असं प्रिन्स म्हणतो. आमचं गाव विरुद्ध तुमचं गाव. याच काळात न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये ब्रिज वॉर्स, म्हणजे दोन वस्त्यांची गाण्यांतून चाललेली भांडणं, पेटल्या होत्या. एमसी शॅनने ‘द ब्रिज’मध्ये आपल्या क्वीन्सब्रिज वस्तीची थोरवी गायली. ब्राँक्सच्या बूगी डाउन प्रॉडक्शन्स या गटाने १९८६ मध्ये ‘साउथ ब्राँक्स’ने आणि १९८७ मध्ये ‘द ब्रिज इज ओव्हर’ने उत्तर दिलं. त्याआधी १९८४-८५ मध्ये रॉक्सॅन वॉर्स झाल्या होत्या. यूटीएफओ या रॅप गटाच्या एका गाण्यावर रॉक्सॅन शांटे या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने असा जवाब टाकला की त्यातून जवाबांची रांगच लागली. प्रतिस्पर्ध्याला बेसूर म्हणणं, त्याचं गाव हलकं ठरवणं, स्वतःच्या हाताची तारीफ करणं ही सगळी रॅपची घरची रीत. प्रिन्सने तीच उचलली. मध्ये तो स्वतःलाच टोकतो: याचा फंकशी काय संबंध? आणि स्वतःच उत्तर देतो: काही नाही, पण बिलं कोण भरतंय? आपलीही बढाई पोकळ आहे हे कळल्याची कबुली गाण्याच्या पोटातच आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात, कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात, एका शाहिराने दुसऱ्याचं ज्ञान, आवाज आणि गुरू यांची चारचौघांत सालं काढायची हा रिवाज आहे. त्यावर कुणी समीक्षक ‘या शाहिराला दुसऱ्या परंपरेविषयी आदर नाही’ असं गंभीर चेहऱ्याने लिहीत नाही. पुढच्या बारीत जवाब यायचा असतो, तो येतो आणि मग लोक ठरवतात. ‘डेड ऑन इट’ची शोकांतिका म्हणायची तर इतकीच की सवाल टाकणाऱ्यानेच फड उधळला. ब्रुकलिनकडून जवाब आलाच नाही, कारण ब्रुकलिनपर्यंत सवाल पोचलाच नाही.

आता हिशेब. घाव कुठे हुकला?

पहिली चूक कारागिरीची आहे. चार मात्रांची एक बार, प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे शब्द ठेवायला सोळा जागा. फंकची सम पहिल्या मात्रेवर. तिथे बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र पडतात, बाकीचे पंधरा भाग वाद्यं एकमेकांना वाटून घेतात. सुरुवातीच्या रॅपने या सोळा जागा सरळसोट वापरल्या. ओळ बारइतकीच लांब, यमक चौथ्या मात्रेवर, श्वास बार संपताना. रॅपची नक्कल करणारा प्रत्येक हौशी माणूस आजही हेच करतो. टाळ्या वाजवत म्हणता येईल असं काहीतरी बडबडतो आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला यमकाचा खिळा ठोकतो. प्रिन्सची विडंबनातली पदंही याच साच्याची आहेत: ओळ, यमक, ओळ, यमक. अडचण अशी की १९८६ मध्येच हा साचा जुना झाला होता. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या एरिक बी आणि रकीम या डीजे-रॅपर जोडीचं पहिलं गाणं आलं आणि जुलै १९८७ मध्ये त्यांचा ‘पेड इन फुल’ हा अल्बम. रकीम यमक बारच्या मध्ये ठेवतो, एका बारमध्ये दोन-तीन ठेवतो, वाक्य बारची वेस ओलांडून पुढे नेतो आणि श्वास अशा ठिकाणी घेतो की ऐकणाऱ्याला ओळ कुठे संपली ते कळू नये. ‘द ब्लॅक अल्बम’ ठरल्या दिवशी दुकानात आला असता तरी त्यातलं विडंबन पाच वर्षांपूर्वीच्या रॅपचं ठरलं असतं. डिस गाण्यात याहून मोठा गुन्हा नाही. ज्याला मारायचं तो ज्या जागेवरून उठून गेलाय तिथे काठी मारून काय उपयोग?

दुसरा आरोप बेसूरपणाचा, आणि हा तर मुळातच खोटा. याच रकीमने लहानपणी सॅक्सोफोन वाजवला होता, आपल्या शब्दांच्या मांडणीवर जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनचा प्रभाव असल्याचं तो सांगतो, आणि रिदम अँड ब्लूजची मोठी गायिका रूथ ब्राउन ही त्याची जवळची नातलग. पण व्यक्तीचं उदाहरण सोडा, कामाची पद्धत पाहा. १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा (सॅम्पल) उचलून पुन्हा वाजवणारं यंत्र, आलं. त्यात एकूण जेमतेम १० सेकंद आवाज मावायचा, तोही अडीच सेकंदांच्या चार कप्प्यांत. १०० बीपीएमची (मिनिटाला १०० मात्रांची) एक बार २.४ सेकंदांची होते, म्हणजे एका कप्प्यात एक बार आणि वर किंचित जागा. मग निर्मात्यांनी युक्ती काढली. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावायची. आवाज सव्वापटीहून जास्त वेगाने जातो आणि दहा सेकंदांच्या जागेत साडेतेरा सेकंदांचा ऐवज बसतो. नंतर यंत्रात तो तुकडा सुमारे पाच अर्धस्वर खाली उतरवायचा. या चढउतारात आवाजाची धार झडते, त्यावर खरखर आणि एक धातूसारखा पातळ कंप चढतो. हा दोषच पुढे त्या संगीताची ओळख झाला.

खरी परीक्षा यानंतर. या यंत्रात वेग आणि स्वर एकत्र बांधलेले असतात. ९५ बीपीएमच्या रेकॉर्डमधला बेसचा तुकडा १०० च्या ड्रमवर बसवायचा तर तो पाच टक्के जास्त वेगाने चालवावा लागतो आणि तेवढ्याने तो जवळजवळ एक अर्धस्वर वर जातो. त्यावर दुसऱ्या रेकॉर्डमधला हॉर्नचा तुकडा ठेवला की तो बेसशी भांडतो. मग हॉर्न खाली आणायचा, पण तो आणला की तो संथ होतो आणि ठेक्याच्या मागे पडतो. म्हणून तुकडा बारीक कापायचा, प्रत्येक सूर यंत्राच्या वेगळ्या पॅडवर (बोटाने वाजवायच्या कळीवर) द्यायचा, हाताने पुन्हा वाजवायचा. हे सगळं कानाने, कारण पडद्यावर लाटा दाखवणारं काही नव्हतं. बेसूर कानाच्या माणसाचं हे कामच नव्हे. ज्यांना ते जमलं नाही त्यांच्या रेकॉर्ड ऐकल्या की ऐकताक्षणी कळतं, बेस आणि गाण्याचा स्वर शेवटपर्यंत एकमेकांकडे पाठ करून उभे असतात.

यंत्राच्या बाबतीत तर प्रिन्सला बोलायचा अधिकारच नव्हता. रॉजर लिनचं एलएम-१ हे ड्रम मशीन १९८० मध्ये सुमारे पाच हजार डॉलरला आलं. त्यातून हाडामांसाच्या ढोलकियापेक्षा वेगळं असं काहीतरी काढून दाखवणारा पहिला मोठा कलाकार प्रिन्सच. त्या यंत्रात प्रत्येक आवाजाचा स्वर बदलायची वेगळी कळ होती. ती फिरवून तो साइडस्टिकचा (ड्रमच्या कडेवर काठी मारल्याचा) टकटकाट खाली उतरवायचा, ड्रमचा आवाज गिटारच्या पेडलमधून काढायचा. १९८४ च्या ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधून त्याने बेस चक्क काढून टाकला आणि ते गाणं पाच आठवडे अमेरिकेत पहिलं राहिलं. मिनियापोलिसच्या बेसवाल्यांची महती सांगणारा माणूस तोच, हे लक्षात ठेवलेलं बरं. बोलून गाणं चालवायची सवयही त्याची जुनी. १९८२ च्या ‘१९९९’ अल्बमवरचं ‘ऑल द क्रिटिक्स लव्ह यू इन न्यूयॉर्क’ म्हणजे यांत्रिक ठेक्यावर सपाट आवाजात केलेलं बोलणं. मार्च १९८७ च्या ‘साइन ओ द टाइम्स’वर त्याची ड्रमवादक शीला ई. हिचा रॅप आहे, आणि त्याचे शब्द चक्क एडवर्ड लिअरच्या बालकवितेचे! सगळ्यात मजेदार पुरावा तर ‘द ब्लॅक अल्बम’वरच सापडतो. ‘डेड ऑन इट’च्या आधीच्या ‘सिंडी सी’ या गाण्यात प्रिन्सची नर्तकी कॅट ग्लोव्हर रॅप करते आणि तो रॅप शिकागोच्या जे. एम. सिल्कच्या ‘म्युझिक इज द की’ या हाउस (क्लबमधल्या नृत्यसंगीताच्या) रेकॉर्डमधून घेतलेला. आधी दुसऱ्याच्या रॅपवर गाणं संपवायचं आणि लगेच पुढच्या गाण्यात रॅपरांना झोडपायचं. हा क्रम प्रिन्ससारख्या काटेकोर माणसाने नकळत लावला असेल यावर माझा विश्वास नाही. क्रम असा लावला की ‘डेड ऑन इट’मधला वक्ता प्रिन्स नसून रेडिओवर चिडलेलं एक सोंग आहे, असं वाचता येतं. गाण्याच्या बाजूने करता येण्यासारखा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाच.

तरीही एका ओळीवर हा युक्तिवाद अडतो. गाण्याचं शीर्षक म्हणजे ठेक्यावर बरोबर, नेमकं पडणं. प्रिन्स आधी म्हणतो की चांगला रॅपर म्हणजे मेलेला रॅपर, थांबतो, आणि मग ‘डेड’पुढे ‘ऑन इट’ हे शब्द जोडून अर्थ फिरवतो. विनोदाची वेळ अचूक आहे. पण बूगी डाउन प्रॉडक्शन्सचा डीजे स्कॉट ला रॉक ऑगस्ट १९८७ मध्ये ब्राँक्समध्ये गोळी लागून गेला होता, म्हणजे अल्बमच्या ठरलेल्या तारखेच्या साडेतीन महिने आधी. अधिकृत आवृत्ती निघाल्यावर अडीच वर्षांच्या आत तुपाक आणि नोटोरियस बी.आय.जी. हे दोघे रॅपरही गोळ्यांना बळी पडले. ‘सोंग होतं’ म्हणून ही ओळ सोडवता येत नाही. वक्ता सोंग असला तरी थट्टेचा विषय खरी माणसं आहेत आणि ती त्याच्याच समाजातली आहेत. गाण्याचं पुनर्मूल्यांकन म्हणजे पुनर्वसन नव्हे, म्हणून ही ओळ डाग म्हणूनच मोजावी.

ज्या जागी घाव खरोखर बसला असता तिथे प्रिन्सने हात घातलाच नाही, ही माझी त्याच्याबद्दलची मोठी तक्रार आहे. सॅम्पलिंगच्या युगाचा खरा प्रश्न सुरांचा नव्हता, पैशांचा होता. फंकचा आद्य गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’च्या शेवटाकडे त्याचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला सुमारे २० सेकंदांचा तुकडा शेकडो रॅप गाण्यांचा पाया झाला. रचनेच्या हक्कात स्टबलफील्डचं नाव नव्हतं, त्यामुळे सॅम्पलिंगचे पैसे त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. डिसेंबर १९९१ मध्ये, विनापरवानगी सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध चाललेल्या खटल्याच्या निकालानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणं भाग पडलं. पण त्यातूनही पैसा गेला तो हक्कधारकाकडे, वादकाकडे नाही. फंकचा कारागीर म्हणून प्रिन्सने १९८७ मध्ये ‘आमचे हात वापरता, मग त्या हातांना काय देता?’ एवढं विचारलं असतं तर ते गाणं आज अभ्यासक्रमात असतं. गंमत अशी की गाण्यात न विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर त्याने गुपचूप दिलं. २००० च्या सुमारास स्टबलफील्डला मूत्राशयाचा कर्करोग झाला तेव्हा उपचारांचे ८० ते ९० हजार डॉलर प्रिन्सने भरले, आणि ही गोष्ट लोकांना प्रिन्सच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये कळली.

रॅपने फंक मारलं, या समजुतीतही दम नाही. १९८९ मध्ये डी ला सोल या रॅप गटाने जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिक या फंक बँडचा तुकडा घेऊन ‘मी मायसेल्फ अँड आय’ केलं, १९९२ मध्ये रॅपर-निर्माता डॉ. ड्रेच्या ‘द क्रॉनिक’ने क्लिंटनचं अख्खं घराणं नव्या पिढीच्या गाड्यांत वाजवलं. तोच क्लिंटन १९८९ मध्ये प्रिन्सच्याच पेस्ली पार्क लेबलवर होता. फंक जगवायचं काम त्या दशकात कोणत्याही फंक बँडपेक्षा सॅम्पलरने जास्त केलं.

स्वतः प्रिन्सने १९९१ पासून भूमिका बदलली. ‘डायमंड्स अँड पर्ल्स’वर टोनी एम. हा रॅपर बँडमध्ये आला, १९९३ मध्ये कार्मेन इलेक्ट्राचा रॅप अल्बम निघाला, १९९९ मध्ये रॅपर चक डी पाहुणा म्हणून आला. ही वळणं उमदेपणाची म्हणून वाखाणली जातात. मला त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला रॅप ‘डेड ऑन इट’पेक्षा कमकुवत वाटतो. तिथे रॅप म्हणजे फॅशन म्हणून लावलेली झालर आहे, आणि ओळीच्या टोकाला ठोकलेलं यमक तेच, फक्त आता गंभीर चेहऱ्याने. टिंगल करताना प्रिन्सला निदान वेळेचं भान होतं. आदर करताना तेही सुटलं.

प्रिन्सचा पूर्वग्रह त्या काळी एकट्याचा नव्हता. १९८९ मध्ये ग्रॅमीने रॅपसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, पण तो टीव्हीवर दाखवायचा नाही असं ठरवलं. विजेते डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स (म्हणजे विल स्मिथ) यांनीच कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. संस्थांनी हाच अपमान थंडपणे, नियमावलीतून केला. प्रिन्सने तो निदान तोंडावर, ठेक्यात केला आणि रॅपरला उलट बोलता येईल अशा भाषेत केला. या दोन प्रकारांत फरक करायला हवा. मराठीत रॅप करणाऱ्या पोरांना ‘हे काय गाणं आहे का?’ असं विचारणारे जाणकार पहिल्या प्रकारातले असतात. दुसऱ्या प्रकारातला एखादा भेटला, पेटी नाही तर ढोलकी घेऊन समोर बसला, तर त्या पोरांचं भलंच होईल.

गाणं ऐकायचंच असेल तर सुटं ऐकू नये. ‘सिंडी सी’पासून लावावं, कॅट ग्लोव्हरचा उसना रॅप संपू द्यावा, आणि मग ‘डेड ऑन इट’ दोनदा ऐकावं. पहिल्यांदा शब्द, म्हणजे वर मोजलेल्या चुका आपसूक सापडतील. दुसऱ्यांदा शब्द सोडून खाली यंत्राचा कोरडा ठेका आणि त्यावरची गिटार व बेस. १९८६ च्या रॅपसारखीच मोकळी, हाडं दिसणारी ही बांधणी आहे, फक्त सॅम्पलच्या जागी हात वाजतायत. मग त्याच बैठकीत ‘पेड इन फुल’ लावावा. बेसच्या बाबतीत मिनियापोलिसला गुण द्यावे लागतात, शब्दांच्या बाबतीत न्यूयॉर्कला, आणि १९८७ मध्ये हा सामना समोरासमोर झाला असता तर प्रिन्स हरला असता, पण अपमानास्पद फरकाने नाही.